दळण, दाब, पाणी

६ एप्रिल
रामनवमी. सुंठवडा वाटून झाल्यावर खोका उघडला. एस्प्रेसोचं मशीन चांगलंच जड आहे. मिक्सर आणि पोळ्यांचा डबा सरकवून ओट्यावर जागा केली. बाबांचा पहिला प्रश्न: "बॉयलर पितळेचा की ॲल्युमिनियमचा?" पितळेचा. मान हलवली. मग टॉर्च मागितला. भर दुपारी, खिडकीपाशी.

७ एप्रिल
दुकानातली तयार कॉफी पूड. चौदा सेकंदांत पेला भरला. आंबट. जिभेच्या कडा आवळल्या. वर फेस मात्र बोटभर.
बाबांनी एक घोट घेतला, दोन चमचे साखर घातली, संपवला.

८ एप्रिल
डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. उपाशीपोटी साखर १७८. "ही खाली आल्याशिवाय मी तारीख देत नाही."
रिक्षात बाबा गप्प. चार वेळचा चहा, प्रत्येकात दोन चमचे. हिशेब दोघांनीही केला, बोललं कुणीच नाही.

१० एप्रिल
गुरुवार. नळ कोरडे. बादल्या आदल्या रात्री भरून ठेवल्या होत्या.
बाबांनी पूड भरायचं बास्केट हातात घेतलं. आतून असंख्य छिद्रं. बाहेरून तळाला नख फिरवत राहिले. "मला काही लागत नाही. तू बघ." बघितलं. बाहेरच्या तळाला छिद्र एकच, सुईच्या टोकाएवढं. दुहेरी तळ. पाणी त्या एका छिद्रातून पिचकारीसारखं सुटतं, फेस तिथे तयार होतो. पूड कशीही असो, फेस येणारच.
"मग हे बास्केट आपल्याला खरं सांगणार नाही," बाबा म्हणाले.
खोक्याच्या तळाशी दुसरं होतं, एकेरी. उद्यापासून तेच.

११ एप्रिल
एकेरी बास्केट. नऊ सेकंद. फेस नाही, तपकिरी पाणी. आता खरं कळतंय.

१२ एप्रिल
मिक्सरमध्ये दळून पाहिलं. पात्याने बी फुटते, दळली जात नाही. चिमटीत घेतली तर पीठही आहे आणि रवाही. रव्यातून पाणी पळतं, पीठ कडू होतं. म्हणून एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही.

१४ एप्रिल
बाबा बिनसाखरेचा चहा पितात. पितात म्हणजे कप रिकामा होतो.

१९ एप्रिल
हातानं फिरवायचा ग्राइंडर आला. किंमत मशीनच्या निम्म्याहून जास्त. आत दोन पोलादी शंकू, त्यांच्यातली फट ठरवते दाणा. खालचं चाक एक क्लिक फिरवलं की फट बदलते. बाबांनी तो कानापाशी धरून रिकामा फिरवला. "खेळ नाही आसाला. चांगलं काम आहे." आयुष्य टूल रूममध्ये गेलं. आता कानावर आणि बोटांवर.

२० एप्रिल
२० क्लिक. १७ सेकंद. आंबट.
१८ क्लिक. २१ सेकंद. जरा कमी आंबट.
त्याच वेळी पूडही एक ग्रॅम वाढवावी म्हटलं. बाबांनी हात आडवा धरला. "एका वेळी एकच. नाहीतर काय बदललं म्हणून काय झालं, ते कळायचं कसं?"
वही केली. रकाने बाबांनी सांगितले, रेघा मी मारल्या: तारीख, बिया, पूड किती ग्रॅम, क्लिक, सेकंद, कपात किती ग्रॅम, चव.

२२ एप्रिल
डब्यातली पूड उडते, कडांना चिकटते, ओटाभर होते. एप्रिलची कोरडी हवा. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून हलवायचं. उडणं थांबलं. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हेच मोजून दाखवलं: थोडा ओलावा असला की दळताना विद्युतभार कमी साचतो, गुठळ्या कमी होतात, कॉफी जास्त उतरते.

२३ एप्रिल
१८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम, २५ ते ३० सेकंद. सगळे इथूनच सुरुवात करतात. मीही.

२५ एप्रिल
१४ क्लिक. २९ सेकंद. आंबटपणा गेला. पण चव कशाचीच नाही. धूर आणि पुठ्ठा.
पाकीट उलटं करून पाहिलं. 'अमुक महिन्यांच्या आत वापरा' आहे. भाजल्याची तारीख कुठेच नाही.

२८ एप्रिल
चिकमंगळूरच्या एका मळ्यातून थेट बिया मागवल्या. सिलेक्शन ७९५. अरेबिकाची जुनी जात, केंट जातीशी संकर करून बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात १९४० च्या दशकात तयार झाली. ते केंद्र १९२५ पासूनचं. येमेनहून सात बिया आणणाऱ्या बाबा बुडन यांची गोष्ट ज्या डोंगराची सांगतात, तोही त्याच जिल्ह्यात.
पिशवीवर शिक्का: भाजली २४ एप्रिल.

२९ एप्रिल
उघडायची नाही. ताज्या भाजलेल्या बीमध्ये कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, दाबाखाली तो पाण्याला नीट आत शिरू देत नाही. दहाएक दिवस थांबायचं. बाबा रोज पिशवी हुंगतात. झडपेतून वास येतो.

२ मे
उपाशीपोटी १५२. गोळी बदलली. संध्याकाळी चालणं सुरू. अंधार पडायच्या आत परत यायचं. बाबांना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसतात.

५ मे
पिशवी उघडली. ओट्यापासून दारापर्यंत वास. बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आले.
१४ क्लिक: ३८ सेकंद. थेंब थेंब. कडू.
१६ क्लिक: २९. आधी काही नाही, मग गडद थेंब, मग काकवीसारखी धार.
चव: सुकं अंजीर, शेवटी किंचित तुरट. आंबट आहे, पण खाता येणारं आंबट.
बाबांनी साखरेच्या डब्याकडे हात नेला. मागे घेतला. अर्धा कप ठेवला.

६ मे
अर्धा का ठेवलात, विचारलं. "तोंडात राहतं ते शेवटी. कडू नाही, पण घट्ट."
वहीत लिहिलं: शेवटचा तुरटपणा घालवायचा.

८ मे
पंपावर लिहिलंय १५ बार. दुकानदार तो आकडा मोठा करून सांगतात. कॉफीला लागतात ९. प्रेशर गेज आणला, हँडलला लावून पाहिला. बारावर काटा. बाबांनी खुर्ची ओढली. खूप दिवसांनी त्यांना असं सरसावून बसलेलं पाहिलं.

१० मे
रिलीफ व्हॉल्व्ह. वरचं झाकण काढलं. आत स्प्रिंग, तिच्यावर नट. स्प्रिंग सैल केली की जास्तीचा दाब टाकीत परत जातो. ॲलन की बाबांच्या हातात. गेज माझ्याकडे.
"प्लग काढ."
पाव आटा.
"लाव. आकडा?"
"अकरा."
"काढ."
पाव आटा. बोटांनी नट शोधला, नजरेनं नाही. डोळे खिडकीकडे.
"दहा."
"काढ."
शेवटचं अगदी थोडं.
"नऊ. नऊवर थांबला."
की खिशात टाकली, रुमालानं हात पुसले.

११ मे
बाबांनी पाठकोऱ्या कागदावर मोठ्या आकड्यांत हिशेब मांडला. बास्केटचं तोंड ५८ मिलिमीटर, क्षेत्रफळ २६.४ चौरस सेंटिमीटर. नऊ बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला ९.१८ किलो. सगळे मिळून २४२ किलो त्या एवढ्याशा चकतीवर.
"आणि तू टॅम्परनं पूड पंधरा किलोनं दाबतेस की वीस, याची काळजी करतेस?"
दाबायचं सपाट व्हावं म्हणून. तिरकं दाबलं तर पाणी सोपी बाजू शोधतं आणि तिथूनच निसटतं. एका बाजूची पूड नुसती भिजते, दुसरीचा कस संपून ती कडू होते.

१२ मे
दळण तेच. दाब नऊ. ३१ सेकंद. तुरटपणा निम्म्यावर.

१४ मे
उपाशीपोटी १३४.

१६ मे
टँकर. धरणाचं पाणी दिवसाआड, बाकी टँकरवर. भांड्यांवर पांढरे डाग. कॉफी अचानक खडूसारखी. बिया त्याच, दळण तेच, वजन तेच. बदललं काय? पाणी.

१७ मे
पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर मागवला. टँकर ५८०. आरओ ३०. नुसत्या आरओची कॉफी करून पाहिली: पोकळ. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम थोडं तरी लागतं, चव उतरवून घ्यायला. फार झालं तर बॉयलरमध्ये क्षार बसतात. कॉफीवाले १५० च्या आसपास धरतात.
चार वाट्या आरओ, एक वाटी टँकरचं गाळून. मीटर १४०.
खडू गेला. अंजीर परत.

१८ मे
धरणाचं पाणी आलं की एक कळशी फक्त कॉफीची. आईच्या वेळची तांब्याची होती, कल्हई गेलेली. स्टीलची घेतली.

२१ मे
संध्याकाळपासून पाऊस. मे महिन्यात असा लावून पडणारा. वीज गेली. मशीन बंद. बाबांना अंधारात पाणी हवं होतं, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरापर्यंत आले. मी बॅटरी घेऊन पोचेपर्यंत पेला भरून झाला होता.

२३ मे
तेच क्लिक, पण ३७ सेकंद. पाऊस लागल्यापासून शॉट, म्हणजे कपात उतरणारी धार, रेंगाळतोय. एक क्लिक मोठं. ३०. पिशवीला चिमटा लावून डब्यात, डबा कपाटात. फ्रिजमध्ये नाही.

२६ मे
मशीनचा दिवा विझला की बॉयलर सर्वांत तापलेला. लगेच शॉट काढला तर कडसर. तिथून थोडं थांबून काढला तर गोड बाजू वर येते. फार थांबलं तर आंबट. जास्त भाजलेल्या बीला जरा थंड पाणी, कमी भाजलेलीला गरम. ९३ अंशांच्या आगेमागे सगळा खेळ.

२७ मे
१८ ग्रॅम. १७ क्लिक. ४० ग्रॅम कपात. ३० सेकंद. दिव्यानंतर थांबून.
बाबा: कप रिकामा. बशीत उलटा ठेवला. साखरेचा डबा वरच्या फळीवर आहे, गेल्या आठवड्यापासून. त्यांनीच ठेवला.

३० मे
उपाशीपोटी ११८. तीन महिन्यांची साखर ७.१. डॉक्टर कॅलेंडर उघडून बसले. १० जून, उजवा डोळा.

१ जून
बाबा रात्री जागे. कॉफी सकाळचीच, त्यामुळे तिचं कारण नाही. दिवा न लावता बसले होते. मीही बसले.

४ जून
मिश्रण करून पाहिलं: पाचात एक भाग रोबस्टा, तीही चिकमंगळूरची, धुतलेली. क्रेमा, म्हणजे वरचा फेस, दाट, पेला वाकडा केला तरी फाटत नाही. चवीला भाजक्या शेंगदाण्याची कड.
आपल्याकडे पिकते त्यात रोबस्टाच जास्त. इटली आपल्या कॉफीचं जुनं, मोठं गिऱ्हाईक. तिथल्या किती मिश्रणांत दाटपणा येतो तो कोडगू-चिकमंगळूर-वायनाडच्या रोबस्टामुळे. आणि आपण ती इथे चिकरी मिसळून विकतो.
कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. बाबांना सकाळी एकच.

७ जून
डोळ्यात थेंब सुरू.

९ जून
उद्या सकाळी सातला पोचायचं. चहा नाही, कॉफी नाही. मशीनही बंद ठेवलं. एकटीला करावीशी वाटली नाही.

१० जून
झालं. वीस मिनिटं. बाहेर बाकावर बसून होते. बाबा चालत आले, डोळ्यावर पट्टी.

११ जून
पट्टी काढली. काळा चष्मा. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. थेंब दिवसातून चार वेळा. ओट्यावर वहीशेजारी थेंबांचं वेळापत्रक.

१३ जून
वाचायचं नाही म्हणून मी वाचून दाखवते. आज एस्प्रेसोचा इतिहास. मिलानचा लुइजी बेझेरा, १९०१ चं पेटंट: कपागणिक ताजी कॉफी, पण दाब वाफेचा, दीडएक बार. पाणी फार तापलेलं, कॉफी जळकी, वर फेस नाही. मग मिलानचाच अकिले गाज्जिया. १९३८ ला पहिलं पेटंट. युद्धानंतर स्प्रिंग आणि दांड्याचं यंत्र, १९४८ ला कंपनी. वाफ काढून टाकली, दाब स्प्रिंगचा. क्रेमा तिथून.
बाबांनी थांबवलं. "दांडा खाली ओढताना स्प्रिंग दाबली जाते. सोडला की ती पिस्टन ढकलते. म्हणजे सुरुवातीला दाब जास्त आणि मग उतरत जाणार." पुन्हा सांगायला लावलं. पुढचं: फाएमा कंपनीचं ई-६१, १९६१. दाबाचं काम पंपाकडे, नऊ बार शेवटपर्यंत. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून नाव.
"स्प्रिंगवाल्याचं डोकं मोठं," बाबा म्हणाले आणि झोपले.

१६ जून
हँडलच्या कडेनं पाणी गळतंय. दाब नऊपर्यंत जात नाही. वायसर गेला. उष्णतेनं रबर कडक होतं, ते व्हायचंच.

१७ जून
बाबा खुर्चीत, काळा चष्मा, पाठ ताठ. मी मशीनखाली मान घालून.
"जाळीचा स्क्रू काढ. आता दाभण. रबरात टोच, धातूला लावू नकोस."
तुकडे पडत होते. कोळशासारखे काळे, कडकडीत.
"खोबण पूस. अजून. बोट फिरव. खरखर लागते?"
"लागते."
"मग पुसून झालेली नाही."
नवा वायसर दोन अंगठ्यांनी बसवला. हँडल फिरवलं. मधोमध थांबलं, सरळ समोर.
गळती नाही. नऊ.

१८ जून
बाबा ओट्यापाशी आले. पेला खिडकीत धरला. डावा डोळा झाकला. उजवा झाकला. पुन्हा डावा.
"ही लाल आहे गं. विटकरी. या डोळ्यानं मळकट दिसते."
बराच वेळ तेच करत राहिले. कॉफी गार झाली. दुसरी केली.

२० जून
पालख्या शहरात. रस्ते बंद, डॉक्टरांकडची तपासणी सोमवारवर. सोसायटीच्या दारात वारकऱ्यांसाठी चहा. पातेल्यावर मी होते. बाबांना गर्दीत जाऊ दिलं नाही, गॅलरीतून पाहत होते. "पताका मोजता येतात," म्हणाले.

२७ जून
भोसरीतल्या बाबांच्या जुन्या सहकाऱ्यानं हँडलचा तळ लेथवर कापून दिला. आता बास्केटचा पूर्ण तळ उघडा दिसतो. धार कुठून सुटते ते समोर.

२८ जून
बाबा खुर्चीवर, नजर बास्केटच्या तळाशी.
"उजवीकडून आधी सुटली. डावीकडे कोरडं आहे. थांब... तिथून फवारा उडाला."
दळल्यावर पूड बारीक तारांनी ढवळून घेतली, गुठळ्या मोडल्या, मग सपाट केली, मग दाबली.
"आता कडेनं गोल आली. मधे गोळा झाली. एक धार."
मला यातलं निम्मं दिसतं.

६ जुलै
आषाढी. बाबांचा उपास, कॉफी चालते म्हणाले.

९ जुलै
मंगळूरच्या किनाऱ्यावर या दिवसांत बिया गोदामात पसरून ठेवतात, खाऱ्या पावसाळी वाऱ्यावर. फुगतात, फिकट पिवळ्या पडतात, आंबटपणा जातो. मॉन्सून्ड मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना बियांचं आपोआप तसं व्हायचं, प्रवास जलद झाला तशी ती चव गेली, म्हणून इथे मुद्दाम करू लागले. पाव किलो मागवली. जाड, मऊ, मसाल्याच्या डब्यासारखा वास. बाबांना आवडली नाही. त्यांची ७९५ च.

१५ जुलै
मशीनची स्वच्छता. लिंबूसत्त्वाचं पाणी बॉयलरमधून. पांढरा गाळ आला, थोडाच. मिसळलेल्या पाण्याचा उपयोग झाला.

१८ जुलै
नवीन पिशवी. तीच जात, नवी भाजणी. दोन क्लिक बारीक. पिशवी बदलली की पुन्हा जुळवायचं. कुठला आकडा कायमचा नाही.

२४ जुलै
वही आता बाबा लिहितात. अक्षर बारीक झालंय, पूर्वीसारखं. चवीच्या रकान्यात आज: "शेवटी गूळ."

२ ऑगस्ट
उपाशीपोटी १०९. डावा डोळा, १९ ऑगस्ट.

५ ऑगस्ट
नाशिकहून मावसबहिणीचा फोन. घरी एस्प्रेसो करायची आहे, कुठलं मशीन घेऊ? मोठी यादी होती तिच्याकडे. बाबांनी फोन मागून घेतला. पंधरा बारकडे बघू नकोस, बास्केटचा तळ एकेरी आहे का ते बघ, एवढं सांगून परत दिला.
बाकीचं मी लिहून पाठवलं:
आधी पैसे ग्राइंडरला, उरतील ते मशीनला. भाजल्याची तारीख नसेल ती पिशवी उचलू नकोस. पाणी मोजून घे. काटा हवाच, एक दशांश ग्रॅमचा. आंबट लागली तर बारीक दळ, कडू लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लिहून ठेव. साखर न घालता कप संपला, की जमलं.